डावा पाय

“मॅडम, गाडी चालवताना तुमचा डावा पाय कुठं असतो?”

सर्व्हिस अॅडव्हायझर निकम यांनी हे इतक्या अदबीनं विचारलं, की क्षणभर मला ते माझ्या तब्येतीची चौकशी करतायत असंच वाटलं. गळ्यात टाय, हातात टॅबलेट, आणि चेहऱ्यावर दवाखान्यात वाईट बातमी सांगण्याआधी असते तसली माया.

“जिथं असायला हवा तिथं.”

“म्हणजे क्लचवर.”

“म्हणजे क्लचच्या शेजारी, खाली टेकलेला.”

निकमांनी माझ्या पायाकडे पाहिलं. माझे सासरे, तात्या, शेजारीच उभे होते, त्यांनीही पाहिलं. त्यांच्या कडेवर माझी आठ महिन्यांची रेवा होती. सगळे बघतायत म्हटल्यावर तीही वाकून बघायला लागली. मी चपलेतली बोटं आवळून घेतली.

“क्लचप्लेट जळलीय, मॅडम. लेडीज ड्रायव्हर असली की होतं असं. पाय आपोआप टेकलेला राहतो, त्यांचं त्यांना कळतही नाही.”

“तुम्ही उघडून पाहिलीत?”

“उघडायची गरज नाही. वास येतो ना.”

“वासावरून पाय बाईचा होता हेसुद्धा कळतं?”

निकम हसले नाहीत. हसले तात्या, पण माझ्या बाजूनं नव्हे. “मी कवाधरनं सांगतोय हिला,” ते निकमांना म्हणाले, “पाय उचल पोरी, पाय उचल. क्लच म्हंजे काय पायपुसणं न्हाई.”

झालं. निकमांना साक्षीदार मिळाला, आणि तोही असातसा नाही. तात्या एसटीत ड्रायव्हर होते, आणि हे त्यांनी निकमांना आल्याआल्याच सांगितलं होतं. उभा जन्म सातारा-महाबळेश्वर घाटात गेला, पण गाडी कधी कुठं घासली नाही. त्याबद्दल मिळालेला बिल्ला आमच्या शोकेसमध्ये गणपतीच्या मूर्तीशेजारी ठेवलेला असायचा, आणि पाहुण्यांची नजर गणपतीवर थांबली तर तात्या हळूच घसा खाकरायचे. आमच्या घरात दुखण्याखुपण्यात डॉक्टरांचं, लग्नकार्यात आत्याबाईंचं आणि चार चाकं असलेल्या कुठल्याही गोष्टीत तात्यांचं म्हणणं शेवटचं. मला गाडी शिकवली तीही त्यांनीच, याच गाडीवर.

आणि मला तर हे प्रकरण हरून चालणार नव्हतं. माझी बाळंतपणाची रजा येत्या सोमवारी संपत होती. मी वाईच्या कॉलेजात ऑडिटिंग शिकवायचे. बेत असा होता, की सकाळी रेवाला तिच्या बास्केटमध्ये नीट बांधून गाडीनं वाईला न्यायचं, तिथं माझ्या मावशीकडे ठेवायचं, मधल्या सुट्टीत पळत जाऊन पाजायचं आणि दुपारी दोघींनी घरी यायचं. एवढासा जीव घेऊन रोज एसटीच्या गर्दीत शिरणं मला शक्य नव्हतं. समरजित, माझा नवरा, आठवडाभर पुण्यात नोकरीला. त्यानं आदल्या दिवशी फोनवरच निकाल देऊन ठेवला होता: “गाडीत दोष असेल तर प्रश्नच नाही. पण तुझ्या चालवण्यानं क्लच गेला असेल, तर रेवाला घेऊन तू हायवेला नको जाऊस. वर्षभर बिनपगारी रजा टाक. काय बिघडतंय?” त्याचा सूर इतका समजूतदार होता, की भांडायलाही कुठं जागा सापडेना. आणि क्लच कुणामुळे गेला, हे ठरवणार तात्याच.

निकमांनी टॅबलेट माझ्याकडे वळवला. “क्लच सेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, फ्लायव्हील, लेबर. तीस हजारांच्या आत बसवलंय, खास तुमच्यासाठी.”

“गाडी वॉरंटीत आहे.”

“गाडी आहे, मॅडम. क्लच नाही. क्लच ही झिजणारी वस्तू. टायर, वायपर, ब्रेक, क्लच. पुस्तकात लिहिलंय तसं.”

“पुस्तकात त्याच्या खालीही लिहिलंय. बनावटीतला दोष निघाला, तर झिजणाऱ्या वस्तूलाही वॉरंटी लागू आहे. रेवाला पाजताना सगळं वाचलंय मी. फार वेळ पिते ती.”

निकमांनी घाईघाईनं टॅबलेटमध्ये पाहिलं. पाजणं हा शब्द त्यांच्या ट्रेनिंगमध्ये आला नसावा.

“आणि हे फ्लायव्हील कशाला?” मी विचारलं.

“क्लच जळला की तेपण जातं.”

“गेलंय, की जातं?”

“जातंच, शक्यतो.”

“म्हणजे तुम्ही न बघता बदलणार, आणि मी न बघता पैसे देणार. आधी उघडा. माझ्यासमोर उघडा.”

“उघडायचा चार्ज पडेल.”

“दोष कंपनीचा निघाला, तर कुणाला पडेल?”

निकमांनी टॅबलेट टेबलावर पालथा ठेवला. “मी साहेबांना बोलावतो.”

ते गेल्यावर तात्या माझ्याजवळ सरकले. “कशाला वाढवतीस? मी देतो की माझ्या पेन्शनमधनं. चुका हुत्यात शिकताना. म्या काय तुला बोललो का?”

त्यांनी मला मनापासून माफ केलं होतं, आणि तेच मला सहन होत नव्हतं. “प्रश्न पैशाचा नाही, तात्या.”

“मग कशाचा?”

“पायाचा,” मी म्हटलं.

वर्क्स मॅनेजर डिसले साहेब बोलायला कमी आणि बघायला जास्त असा माणूस निघाला. त्यांनी वाद घातलाच नाही. गाडी लिफ्टवर चढवली, खालून सगळं सोडवलं आणि थोड्या वेळानं मला आत बोलावलं. क्लचप्लेट तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखी काळी पडली होती. प्रेशर प्लेटवर निळेजांभळे डाग उमटले होते, दिसायला सुंदर.

“हे एका दिवसाचं काम नाही,” डिसले म्हणाले. “रोज कुणीतरी हिला उभ्या उभ्या तापवलंय.”

“आणि फ्लायव्हील?”

त्यांनी फ्लायव्हीलवरून अंगठा फिरवला, टॉर्च मारला. “ठीक आहे. निकम, हे काढा बिलातून.”

निकमांनी ते काढलं. एक दात काढल्यासारखं त्यांचं तोंड झालं होतं.

“गाडी फारशी चाललेलीही दिसत नाही,” डिसले म्हणाले.

“मी तेच म्हणते. एवढ्याशा चालण्यात क्लच जातो, म्हणजे दोष वस्तूत आहे.”

“किंवा चालवण्यात. कोण कोण चालवतं गाडी?”

“मी आणि तात्या.”

डिसल्यांनी तात्यांकडे पाहिलं. निकम चटकन मध्ये पडले. “काका एसटीत होते, सर. महाबळेश्वर घाट.”

“मग त्यांचा प्रश्नच नाही,” डिसले म्हणाले.

“मी तर निस्ता पोरीला निजवायला न्हेतो,” तात्या म्हणाले. “टाकीपातूर. गाडीबिगर झोपत न्हाई ती.”

सगळे रेवाकडे बघून हसले. आमचं घर किल्ल्याच्या पायथ्याला, चढावरच्या गल्लीत. गल्लीच्या टोकाला पाण्याची टाकी. रोज संध्याकाळी तात्या बास्केट घेऊन निघायचे आणि रेवा झोपली की परत यायचे. तेवढ्या वेळात माझा स्वयंपाक व्हायचा, कधी केसही विंचरून व्हायचे. घरात माझ्यावर उपकार करणारं असं एवढंच होतं, त्यामुळे मी त्याबद्दल कधी काही विचारलं नव्हतं.

“तुम्ही मला चालवताना बघा,” मी डिसल्यांना म्हटलं. “तुमची गाडी द्या, शेजारी बसा, आणि सगळा वेळ माझ्या पायाकडे बघा. दोष दिसला, तर मी मुकाट्यानं पैसे भरून जाईन.”

ते मला वाटलं त्यापेक्षा पटकन कबूल झाले. शोरूमची डेमो गाडी होती, माझ्याच गाडीसारखी. रेवाला तात्यांजवळ ठेवून मी निघाले. डिसले साहेब शेजारच्या सीटवर कमरेत वाकून माझ्या पायाकडे बघत बसले. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असेल, साहेबांचं काहीतरी हरवलंय. हायवेवरून आत वळून शहराच्या चढाला लागलो, तर पुढं उसाचा ट्रॅक्टर. दोन ट्रॉल्या जोडलेल्या, मिनिटामिनिटाला थांबणारा. प्रत्येक थांब्याला मी हँडब्रेक ओढला, पाय उचलून बाजूला ठेवला, आणि पुन्हा निघताना गाडी तसूभर मागं जाऊ दिली नाही. ट्रॅक्टरवाल्यानं जणू माझी परीक्षाच घ्यायचं ठरवलं होतं.

“हे हँडब्रेकवरनं गाडी उचलणं कुणी शिकवलं?” डिसल्यांनी खाली बघतच विचारलं.

“तात्यांनीच.”

“फार चांगलं शिकवलंय. पाय हलका आहे तुमचा.”

मला एकदम भरून आलं. आठ महिन्यांत माझ्या दुधाखेरीज कुणी माझ्या कशाचंही कौतुक केलेलं नव्हतं.

परत आल्यावर त्यांनी मला केबिनमध्ये बसवलं. केबिनच्या तीन बाजूंना काच, त्यामुळे बाहेरचं सगळं दिसायचं. त्यांनी कॉम्प्युटर पुढं ओढला. “चालकाची चूक आढळली नाही, वस्तूच्या तपासणीसाठी पाठवत आहे, असं मी कंपनीला लिहितो. त्यांनी मानलं तर क्लच तुम्हाला फुकट. मानतील बहुतेक.”

“त्याची एक प्रत मला हवी. घरी दाखवायला.”

“घरी?”

“खरा क्लेम तिथं आहे,” मी म्हटलं.

ते पहिल्यांदाच हसले आणि लिहायला लागले. तेवढ्यात बाहेर रेवानं सूर लावला. भुकेचं रडणं वेगळं, झोपेचं वेगळं. हे झोपेचं होतं. मी अर्धवट उठले. काचेपलीकडून तात्यांनी मला हातानं खूण केली, बस, मी बघतो. मग ते निकमांशी काहीतरी बोलले. निकमांनी डेमो गाडीची किल्ली त्यांच्या हातात ठेवली. एसटीच्या माणसाला किल्ली नाकारायला निकमांचं धाडस झालं नसावं. तात्यांनी बास्केट पुढच्या सीटवर ठेवलं, पट्टा आवळला, दोनदा ओढून बघितला, आणि रेवाच्या कानावरून टोपडं खाली घेतलं.

केबिनसमोरच वरच्या मजल्यावर गाड्या न्यायचा सिमेंटचा चढ होता. गाडी त्या चढावर अर्ध्यापर्यंत गेली आणि थांबली.

मग ती हातभर मागं आली. मग हातभर वर गेली. पुन्हा मागं. पुन्हा वर. मागचे लाल दिवे लागले नव्हते, म्हणजे ब्रेकवर पाय नव्हता. हँडब्रेकचा तर प्रश्नच नाही. इंजिन एका सुरात गुणगुणत होतं आणि सगळी गाडी, टन-सव्वा टनाचं ते लोखंड, तात्यांच्या डाव्या पायाच्या पंजावर पाळण्यासारखं झुलत होतं. झोका इतका मऊ, की मी स्वतः बास्केटमध्ये असते तर झोपले असते.

डिसल्यांचा कीबोर्ड थांबला.

“ते काय करतायत?”

“निजवतायत,” मी म्हटलं.

“रोज असंच?”

“मी कधी बघायला गेले नाही. पण हात बसलेला दिसतोय.”

“किती वेळ?”

“ती झोपेपर्यंत.”

“आणि ती कधी झोपते?”

“लवकर नाही झोपत,” मी म्हटलं.

केबिनच्या एसीतून तो वास आला, खमंग जळका, सकाळपासून माझ्या नावावर लिहिला गेलेला. डिसल्यांनी स्क्रीनवरचं लिहिलेलं मागून पुढं, एकेक अक्षर करत पुसायला घेतलं. मी निर्दोष सुटले होते आणि खटला हरले होते, एकाच मिनिटात.

गाडी झुलायची थांबली. तात्या दार न वाजवता उघडत होते.

“त्यांना सांगू नका,” मी म्हटलं.

“मॅडम, पण आता क्लेम मी...”

“क्लेम नको. मी पैसे भरते, सगळे.”

“मग त्यांना काय सांगू?”

“कंपनीचा दोष आहे म्हणून सांगा.”

डिसल्यांनी चष्मा काढला. “सकाळपासून तुम्ही मला हेच म्हणायला लावताय.”

“सकाळी फुकट मागत होते. आता विकत घेते.”

“कंपनीचं नाव खराब होईल हो.”

“एका म्हाताऱ्या माणसाजवळ. किती होणार?”

तात्या आत आले ते ओठांवर बोट ठेवूनच. बास्केटमध्ये रेवा तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. त्यांच्या मागोमाग निकम फोनवर बोलत आले. तात्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की निकमांनी बोलता बोलता फोनच बंद केला. त्यानंतरचं सगळं बोलणं कुजबुजत झालं.

“सायेब,” तात्या डिसल्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, “ह्या गाडीचा बी क्लच जळतोय. आत्ता सोता वास घेतला म्या. नवीकोरी गाडी हाय न्हवं ही? म्हंजे मालच खराब हाय तुमचा. माझी सून खरं बोलत हुती.”

डिसल्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी रेवाच्या टोपड्याची नाडी सारखी केली.

“हो, काका,” डिसले कुजबुजले. “दोष आमचाच आहे.”

निकमांचं तोंड उघडलं ते तसंच राहिलं. वर्षानुवर्षं ज्या एका वाक्यासाठी गिऱ्हाईकं त्यांच्या टेबलावर हात आपटत होती, ते वाक्य साहेब एका म्हाताऱ्याच्या कानात, चहा विचारावा तसं बोलून गेले होते.

“बघ,” तात्या माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा पडला होता. “उगं तुझ्या पायाला बोल लावला म्या. तोंडावर लावला, परक्या मानसांपुढं. मनात ठेवू नगंस.”

“नाही ठेवत, तात्या.”

“मग बिल कसलं करतायत हे?” त्यांना निकमांच्या हातातला कागद दिसला होता.

“लेबरचं आहे,” मी म्हटलं.

“त्यांचा दोष, आन् लेबर आपलं? ही कुठली...” त्यांचा आवाज चढायला लागला, आणि बास्केटमध्ये रेवानं पाय झाडला. तात्या जागच्या जागी थांबले. आयुष्यात पहिल्यांदाच ते भांडण अर्ध्यावर सोडून बाहेरच्या खुर्चीवर जाऊन बसले, बास्केटवर हात ठेवून.

जाण्याआधी डिसल्यांनी त्यांना गाठलंच. “काका, नवीन क्लच बसवतोय, पण माल कंपनीचाच. तेव्हा गाडी चढावर झुलवत उभी नका करू. आमच्या क्लचला झेपत नाही ते.”

तात्यांनी कीव आल्यासारखं त्यांच्याकडे पाहिलं. “एसटीच्या क्लचला झेपायचं.”

“ते खरं.”

“मग पोरगी निजवायची कशी?”

डिसल्यांनी यावर खरोखर विचार केला. “सपाटीला फिरवा,” ते शेवटी म्हणाले. “तिसऱ्या गिअरमध्ये.”

मी काउंटरवर पैसे भरले. निकमांनी पावती देताना मान वर केली नाही. लेबर मात्र लावलेलं नव्हतं. ते कुणी काढलं, हे मी विचारलं नाही.

समरजितला फोन तात्यांनीच लावला, मला बोलूही न देता. “हिचा पाय हलका हाय,” ते त्याला दरडावून सांगत होते. “कंपनीच्या सायबानं सोता शेजारी बसून बघितलंय. आन् दोष बी त्यांनी कबूल केला, माझ्या कानात. सोमवारी जातीया ती वाईला, पोरीला घिऊन. तुला भ्या वाटत आसंल, तर तू ऱ्हा घरी.”

आता रेवा पाचवीत आहे. एका म्हाताऱ्याजवळ कंपनीचं नाव किती खराब होणार, हा माझा अंदाज मात्र साफ चुकला होता. त्या म्हाताऱ्याचे मित्र रोज संध्याकाळी स्टँडसमोरच्या कट्ट्यावर बसत आणि गाड्यांच्या बाबतीत सगळा सातारा त्यांचा सल्ला घेई. त्या दिवाळीत कट्ट्यावरच्या दोघांच्या मुलांनी बुकिंग रद्द करून दुसऱ्या कंपनीच्या गाड्या घेतल्या. एका लग्नात मला डिसले साहेब भेटले, तेव्हा त्यांनी हे हात जोडून सांगितलं, आणि मग रेवाला जवळ घेऊन ती आता कशी झोपते, तेही विचारलं.

पण ते नंतरचं. त्या सोमवारी सकाळी समरजित मुद्दाम थांबला होता. मला सोडायला म्हणून, पण खरं म्हणजे बघायला. रेवाला बास्केटमध्ये बांधलं, दुधाच्या बाटल्या, लंगोट, माझ्या पाठाच्या टिपणांची पिशवी, सगळं भरलं. तात्या फाटकाशी उभे. गाडी चढावर तोंड करून लावलेली. मी हँडब्रेक सोडला, क्लच उचलला, आणि गाडी गचका देऊन बंद पडली. गाडी घरी आणली होती तात्यांनी, आणि नवा क्लच जुन्यापेक्षा कितीतरी खाली, पाय जरा उचलताच लागत होता. मी पुन्हा सुरू केली. पुन्हा बंद. आरशात मला समरजितचा चेहरा दिसला, आणि त्यावर परत तोच समजूतदारपणा जमायला लागलेला. शिकून झाल्यापासून या गाडीवर माझ्याकडून झालेली ही पहिली खरी चूक होती, आणि तीही नेमकी त्याच्या डोळ्यांसमोर.

समरजित माझ्या खिडकीकडे यायला निघाला, तोच तात्यांनी त्याच्या छातीवर आडवा हात धरला.

“तिची चूक न्हाई ती,” ते म्हणाले. “नवा बी तसलाच बसवलाय त्यांनी.”

आणि त्यांनी फाटक दोन्ही बाजूंनी पूर्ण उघडून धरलं.